चर्चमधील जुनी पायपेटी लोकवर्गणीतून पुन्हा वाजती करताना

जुन्या चर्चमधील ऑर्गन दुरुस्त करावा असा विषय निघाला की पहिली सूचना बहुधा वर्गणीची येते. कोल्हापुरात तर ती हमखास येते, कारण तालीम असो, मंडळ असो की एखाद्या देवळाचा जीर्णोद्धार असो, चार विश्वासाची माणसे पावतीपुस्तक घेऊन पेठेत फिरू लागली की काम मार्गी लागते, असा इथला अनुभव आहे. ऑर्गनच्या बाबतीत मात्र क्रम बदलावा लागतो. आधी पेटी उघडावी, तिची अवस्था कागदावर उतरवावी, कारागिराकडून लेखी अंदाज घ्यावा आणि मगच पावतीपुस्तक छापायला टाकावे. आत काय बिघडले आहे याचा पत्ता नसताना मागितलेली रक्कम एकतर अर्ध्या वाटेत संपते किंवा निष्कारण उरते, आणि दोन्ही वेळा देणाऱ्याच्या मनात शंका येते. पुढील सर्व मार्गदर्शन या क्रमाला धरून आहे.

आपल्यासमोर नेमके कोणते वाद्य आहे?

ऑर्गन म्हटले की मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमधला, भिंतभर नळ्यांचा पाइप ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडील लहान शहरांत आणि मिशनच्या गावांत मात्र बहुतेक ठिकाणी असते ती पायपेटी, म्हणजे रीड ऑर्गन. रीड म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी पितळी जीभ आणि तिची चौकट. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले आणि पुढे ते अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाच्या आधाराने चालले. त्या काळात अमेरिकेत घराघरांसाठी आणि चर्चसाठी पायपेट्या मोठ्या संख्येने तयार होत होत्या. व्हर्मांट राज्यातील ब्रॅटलबरो येथील एस्टी या एकाच कारखान्याने पाच लाखांहून अधिक पेट्या बनवल्या. समुद्रप्रवास, बैलगाडीचा रस्ता आणि दमट हवा सोसून टिकणारे वाद्य म्हणून मिशनऱ्यांची पसंती याच पेटीला असे.

पेटीवर नळ्या दिसल्या म्हणजे तो पाइप ऑर्गन झाला असे समजू नये. कित्येक पायपेट्यांच्या माथ्यावर केवळ शोभेच्या नळ्या बसवलेल्या असतात. खाली पायांनी दाबण्याच्या दोन पावट्या असतील, गुडघ्याने सरकवण्याच्या लाकडी पट्ट्या असतील आणि मागची फळी काढल्यावर आत पितळी रीडची रांग दिसत असेल, तर ती पायपेटी होय. खरोखरच पाइप ऑर्गन निघाला तर पुढचे तंत्र त्याला लागू पडणार नाही. त्याच्या नळ्या मऊ मिश्रधातूच्या असतात, हाताच्या दाबानेही त्यांना पोचे पडतात आणि काम पूर्णपणे तज्ज्ञाकडे सोपवावे लागते. वर्गणीविषयीचा भाग मात्र तेव्हाही उपयोगी पडेल.

पायपेटीतही एक भेद लक्षात ठेवावा. आपल्या हाताच्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, भाता हवा ढकलतो आणि ती रीडमधून बाहेर पडते. अमेरिकन पायपेटीत भाता आतली हवा उपसतो आणि बाहेरची हवा रीडमधून आत खेचली जाते. तिच्या आवाजातला गोलवा बराचसा या खेचण्यामुळे येतो. म्हणूनच हाताच्या पेटीचे कसबी कारागीरही पायपेटी उघडल्यावर काही वेळ थबकतात, कारण पडदे, झडपा आणि स्प्रिंगा सगळे उलट दिशेने काम करत असते.

उघडण्यापूर्वीचे कागद

पेटी कोणाची, हा प्रश्न आधी सोडवावा. चर्चच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, तिची नोंद आहे का ते पाहावे. नसेल तर पंच कमिटीने किंवा विश्वस्त मंडळाने ठराव करून ती घ्यावी. कोणा कुटुंबाने पूर्वी पेटी भेट दिली असल्याचे जुने सभासद सांगत असतील, तर त्या घरातील माणसांना बोलावून कामाची कल्पना द्यावी. कायद्याने ते बंधनकारक नसले तरी पुढे वर्गणीच्या वेळी हेच घर सर्वांत आधी उभे राहते. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: पेटीची तपासणी कोण करणार, तपासणीचा खर्च कोठून होणार आणि तपासणीनंतर दुरुस्तीचा निर्णय कोण घेणार. तपासणीची रक्कम लहान असते. ती चर्चच्या चालू निधीतून द्यावी, त्यासाठी वर्गणी मागू नये.

पेटी उघडणे आणि तपासणे

तपासणी दिवसाउजेडी, कोरड्या हवेत आणि तोंडावर मास्क लावून करावी. आत अनेक वर्षांची धूळ आणि उंदरांची घाण असते. प्रत्येक फळी काढण्याआधी आणि काढल्यावर छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू ज्या भागाचे त्या भागाच्या पाकिटात नाव घालून ठेवावेत. कारखान्याचे नाव बोटांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वरच्या फळीवर असते. अनुक्रमांक मागच्या बाजूला किंवा आतल्या लाकडावर ठोकलेला सापडतो आणि एस्टीसारख्या कारखान्यांच्या बाबतीत त्यावरून पेटी कोणत्या काळातली हे समजते. आतल्या लाकडावर पूर्वीच्या कारागिरांनी पेन्सिलीने केलेल्या सह्या किंवा तारखा दिसल्या तर त्या पुसू नयेत. त्या वाद्याच्या इतिहासाचा एकमेव लेखी पुरावा असू शकतात.

पहिली परीक्षा भात्याची. सर्व स्टॉप (रीडच्या रांगा चालू-बंद करणाऱ्या ओढायच्या खुंट्या) आत ढकलून, एकही पट्टी न दाबता, मुख्य भाता पूर्ण मिटेपर्यंत पावट्या माराव्यात आणि पाय काढून घ्यावेत. आतल्या स्प्रिंगा भात्याला पुन्हा उघडू पाहतात. हवा कोठूनही शिरत नसेल तर ते उघडणे अगदी सावकाश होते आणि अर्धा मिनिट तरी सहज टिकते. पाच-सात सेकंदांतच भाता फुगून बसला तर गळती मोठी आहे असे समजावे. कान जवळ नेल्यावर फुसफुस कोठून येते ते ऐकू येते. बहुतेक वेळा दोष रबर बसवलेल्या सुती कापडात असतो, कारण काळाच्या ओघात ते रबर ताठ होऊन घडीवर फुटते. कापड धड असूनही पावटी हलकी लागत असेल आणि भाता भरतच नसेल, तर आतल्या चामडी झडपा वाकल्या किंवा कडक झाल्या आहेत असा अंदाज बांधावा.

दुसरी परीक्षा सुरांची. एकेक स्टॉप ओढून, सर्वांत खालच्या पट्टीपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी दाबून पाहावी आणि तक्त्यात नोंद करावी: वाजते, वाजत नाही, बेसूर आहे, दाब सोडल्यावरही वाजत राहते. मोठ्या पेटीत साधारणपणे ६१ पट्ट्या असतात आणि रीडच्या दोन पूर्ण रांगा असतील तर १२२ सुरांची नोंद होते. काम कंटाळवाणे आहे, पण खर्चाचा अंदाज, कारागिराशी करार आणि देणगीदारांना द्यायचा हिशेब या तिन्हींचा पाया हाच तक्ता असतो, म्हणून तो दोघांनी मिळून, एकाने वाजवून आणि दुसऱ्याने लिहून करावा. पट्टी सोडल्यावरही सूर चालूच राहत असेल तर झडपेखाली कचरा अडकलेला असतो किंवा पट्टीचा दाब झडपेपर्यंत पोहोचवणारी काडी पावसाळी हवेने फुगून भोकात अडकलेली असते. तिथे तेल घालण्याचा मोह टाळावा. तेलाने लाकूड आणखी फुगते आणि धूळ घट्ट धरून ठेवते.

न वाजणारी रीड मेलीच आहे असे मात्र मानू नये. पायपेटीची रीड स्क्रूने बसवलेली नसते, ती आपल्या खाचेत सरकवलेली असते. तिच्या मागच्या टोकाला असलेल्या खोबणीत विशेष आकडा अडकवून ती सरळ बाहेर ओढायची असते. बाहेर आल्यावर ती उजेडासमोर धरावी. पितळी जीभ आणि तिची चौकट यांमधली फट केसाएवढी असते आणि तिच्यात धुळीचा एक कण किंवा कापडाचा तंतू अडकला तरी जीभ मुकी होते. मऊ ब्रशने ती झटकावी, पातळ कागद जिभेखालून हळूच फिरवावा आणि रीड आपल्याच खाचेत परत बसवावी. मुक्या वाटणाऱ्या अनेक रीड एवढ्यानेच बोलू लागतात. चिंच, लिंबू किंवा पितळ उजळण्याची पूड रीडला लावू नये. रंग उजळतो, पण धातू झिजतो आणि सूर बदलतो. जिभेच्या मुळाशी चीर दिसली तर ती रीड जोडता येत नाही, बदलावीच लागते. गुजरातमधील पालिताणा येथे हार्मोनियमच्या उत्तम रीड तयार होतात, पण त्या या खाचांत बसत नाहीत. त्यामुळे त्याच बनावटीच्या मोडीत निघालेल्या पेटीतील रीड शोधाव्या लागतात.

याखेरीज वाळवी, भुंगा, उंदरांनी कुरतडलेली फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे कापड), पावट्यांना भात्याशी जोडणारे तुटलेले पट्टे आणि गुडघापट्ट्यांच्या स्प्रिंगा एवढे पाहिले की तपासणी पुरी होते. पेटीचा आहे तसा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होईल.

कारागीर, करार आणि सामान

मिरज कोल्हापुरापासून जवळ आहे आणि वाद्यनिर्मितीचे मोठे केंद्र आहे, त्यामुळे शोध तिथून सुरू होणे स्वाभाविक आहे. परंतु मिरजेची ख्याती मुख्यतः सतार-तंबोऱ्याची आहे, म्हणून केवळ गावाच्या नावावर काम सोपवू नये. ज्याने खेचणारा भाता पूर्वी बांधला आहे, अशाच कारागिराला विचारावे आणि त्याने केलेली पेटी प्रत्यक्ष वाजवून पाहावी. लाकडी सांगाड्याचे काम गावातल्या चांगल्या सुताराने, भात्याचे आणि सुरांचे काम पेटीवाल्याने, अशी विभागणी करायलाही हरकत नाही.

करार साधा, पण लेखी असावा. त्यात तपासणीचा तक्ता जोडावा, पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा टप्पा भात्याची आणि सर्व सुरांची परीक्षा पुन्हा घेतल्यानंतर मोकळा करावा. काढलेला प्रत्येक जुना भाग, फाटलेले कापडही, चर्चच्या ताब्यात परत यावा अशी अट घालावी. पुढच्या पिढीतील कारागिराला मूळ मापे त्यावरूनच मिळतात.

सामानाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: उद्या उकलता येईल अशाच रीतीने आज जोडावे. सांधे आणि भात्याचे कापड यांसाठी दुहेरी भांड्यात साधारण ६० अंश सेल्सिअसवर गरम केलेला सरस वापरावा. गरम पाण्याने आणि वाफेने तो पुन्हा सुटतो. पांढरा कृत्रिम डिंक झटपट धरतो, परंतु पन्नास वर्षांनी भाता उघडणाऱ्याला लाकूडच फोडावे लागते. भात्यासाठी रबर बसवलेले पातळ सुती कापडच घ्यावे. रेक्झिन घडीवर ताठ राहते आणि हाताच्या पेटीचा पुठ्ठ्याचा भाता इथे चालत नाही. झडपांसाठी मऊ, पातळ, शेळी-मेंढीचे कातडे लागते. आपल्या शहरात चामड्याचे कसब आहे म्हणून कोणी कोल्हापुरी चपलेचे कमावलेले कातडे सुचवील, पण ते जाड आणि ताठ असते. झडप इतकी हलकी हवी की नुसत्या फुंकरीने उचलली जाईल.

सूर जुळवण्याविषयी कारागिराशी आधीच बोलून घ्यावे. जिभेच्या टोकाकडचा धातू किंचित खरवडला की सूर चढतो, मुळाकडचा खरवडला की उतरतो. खरवडलेला धातू परत लावता येत नाही. जुन्या पेट्यांची मूळ पट्टी, म्हणजे स्वरांची उंची, आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणाला मिळतेच असे नाही. केवळ गिटार आणि कीबोर्डबरोबर वाजावी म्हणून सगळ्या रीड खरवडून घेणे मला योग्य वाटत नाही. पेटी तिच्या स्वतःच्या पट्टीत शुद्ध करावी, समूहगानाला एवढे पुरते. तसेच भात्याला विजेची मोटर जोडण्याचा विचार पुढे ढकलावा, कारण पायांचा दाब बदलून आवाज लहानमोठा करणे हा या वाद्याचा प्राण आहे.

वर्गणी

आता हातात तक्ता आहे, लेखी अंदाज आहे. त्यात वाहतूक, पेटीखालचा चौथरा, पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा सूर जुळवण्याचा खर्च आणि अनपेक्षित दोषांसाठी साधारण एक पंचमांश रक्कम मिळवावी. या एकूण आकड्यावर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सभेत ठराव करून घ्यावा. उद्दिष्ट पुरे न झाल्यास पैशांचे काय करायचे आणि जास्त जमल्यास ते कशाला लावायचे, हेही त्याच ठरावात लिहावे.

पैसे नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या नावानेच घ्यावेत. वेगळी समिती स्थापून, नोंदणी नसताना धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांचे कार्यकर्ते दरवर्षी हीच परवानगी काढतात, त्यामुळे गल्लीतल्या कोणत्याही मंडळाच्या खजिनदाराकडून तिची पद्धत समजून घेता येईल. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा, कोणा सभासदाच्या मोबाइलचा नसावा. आयकरातील ८०जी सवलतीचे आश्वासन संस्थेकडे ती नोंदणी असल्याशिवाय देऊ नये. एका विशिष्ट धर्मसमुदायासाठी असलेल्या संस्थांना ती सहसा मिळत नाही, आणि मिळालेली असली तरी दोन हजारांवरील रोख देणगीला लागू होत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगांकडून किंवा तिकडच्या चर्चकडून पैसे घ्यायचे तर परदेशी अंशदानविषयक कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. भारतीय पासपोर्टधारक अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी या बंधनात येत नाही. या सर्व बाबी आपल्या सीएला दाखवूनच आवाहनपत्र छापावे.

मागायचे कोणाकडे? मंडळीतील घरे ही सुरुवात झाली, पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे या वाद्याला ओळखण्यात कमी पडणे होय. संगीत नाटकाच्या साथीला हीच पायपेटी होती. हार्मोनियमला मैफलीत मान मिळवून देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, संगीतसूर्य केशवराव भोसले कोल्हापूरचेच, आणि गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून याच शहरात आहे. नाट्यपदे ऐकत मोठे झालेले रसिक, पेटी शिकणारे विद्यार्थी, मिशनच्या शाळांतून शिकलेल्या आणि आता सर्व जातिधर्मांत विखुरलेल्या पिढ्या यांना या कामाबद्दल आपुलकी वाटण्याचे सबळ कारण आहे. त्यांच्याकडे जाताना दुरुस्तीनंतर वर्षातून एखादा दिवस ही पेटी नाट्यसंगीतासाठी किंवा विद्यार्थ्यांसाठी खुली राहील का, याचा निर्णय पाळक आणि विश्वस्तांनी आधीच घेतलेला असावा. निर्णय काहीही असो, तो स्पष्ट सांगावा.

घरोघर फिरताना नुसते पत्र पुढे करू नये. तपासणीच्या वेळी घेतलेले ध्वनिमुद्रण ऐकवावे, फाटलेल्या भात्याचे छायाचित्र दाखवावे, चालत असेल तर एखादी निकामी रीड हातात द्यावी. ‘सूर दत्तक’ ही पद्धत इथे चांगली लागू पडते. एकेका पट्टीचा खर्च एकेका घराने उचलायचा. उदाहरणादाखल, प्रत्येक पट्टीला १,५०० रुपये धरले तर ६१ पट्ट्यांचे ९१,५०० रुपये होतात. ज्यांना तेवढे झेपत नाही अशी दोन-तीन घरे मिळून एक पट्टी घेऊ शकतात. भाता, झडपा आणि लाकूडकाम यांसाठी मोठ्या देणगीदारांना वेगळे विचारावे. चर्चमधील कापणीच्या सणाच्या लिलावातील उत्पन्नाचा काही भागही या कामासाठी ठेवता येतो, आणि तिथे दहा रुपयांची कोथिंबीर शंभराला घेणाऱ्या माणसाचा सहभाग मोठ्या धनादेशाइतकाच मोलाचा मानावा. देणगीदारांची नावे भिंतीवरच्या फलकावर किंवा नोंदवहीत लिहावीत. पेटीच्या लाकडात पितळी पाट्या ठोकू नयेत.

जमाखर्च दर महिन्याला सूचना फलकावर लावावा. कारागिराला दिलेला प्रत्येक हप्ता, त्याच्या पावतीचा क्रमांक आणि तक्त्यातील कोणते काम पुरे झाले, हे तीन रकाने पुरेत. काम लांबले तर तेही तिथेच लिहावे, कारण फलक कोरा राहिला की चर्चा सुरू होते.

वेळापत्रक

‘नाताळला पेटी वाजलीच पाहिजे’ अशी घोषणा जवळपास प्रत्येक ठिकाणी होते आणि तिच्यामुळेच कामाची घाई होते. पावसाळ्यात सरस नीट वाळत नाही, त्याला बुरशी धरते आणि फुगलेल्या लाकडावर घेतलेली मापे उन्हाळ्यात चुकतात. तपासणी आणि ठराव उन्हाळ्यात, वर्गणी पावसाळ्यात, दिवाळीनंतर दुरुस्तीला प्रारंभ आणि ईस्टरच्या उपासनेला पेटी परत, हा क्रम कोल्हापूरच्या हवेला धरून आहे. त्यानंतरचा पहिला पावसाळा ही खरी कसोटी असते, म्हणून कारागिराची एक भेट ऑक्टोबरसाठी करारातच ठरवून ठेवावी.

परत आल्यावर

पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा खिडकीखाली ठेवू नये. जमिनीपासून उंच चौथऱ्यावर, मागे हात जाईल एवढी जागा सोडून ठेवावी. आत डांबरगोळ्या टाकण्यापेक्षा खालची भोके बारीक जाळीने बंद करावीत, उंदरांवर तोच खरा उपाय आहे. पावसाळ्यात प्लास्टिकने गुंडाळू नये, आत दमट हवा कोंडते. जाड सुती आच्छादन पुरते.

शहराच्या सखल भागातील चर्चनी पुराची तयारीही लिहून ठेवावी. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी कोठवर आले हे इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांवर गेले की पेटी उचलायला कोणी यायचे, चार माणसांची नावे आणि फोन दाराच्या आतल्या बाजूला लावावेत, आणि ती कोणत्या वरच्या जागी न्यायची तेही ठरलेले असावे. भिजलेला भाता बदलता येतो, पण सरसाचे सगळे सांधे एकदम सुटले तर पेटीच उरत नाही. आगीचेही तसेच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेल्या आगीनंतर जुन्या इमारतींतील वायरिंग तपासून घेण्याची आणि वाद्याचा विमा उतरवण्याची गरज वेगळी सांगायला नको. विम्यासाठी लागणारे मूल्यांकन आणि छायाचित्रे दुरुस्तीच्या फायलीत तयारच असतात.

सर्वांत मोठी देखभाल वाजवण्याची आहे. आठवड्यातून निदान एकदा, सर्व स्टॉप ओढून, खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी वाजली पाहिजे. न हलणारे चामडे ताठ होते आणि न वाजणाऱ्या रीडवर धूळ बसते. म्हणून जमलेल्या निधीतून दोन तरुणांना पायपेटी शिकवण्याची तरतूद अवश्य करावी, आणि ना. वा. टिळकांच्या भजनांपासून सुरुवात करावी, कारण ती मंडळीला पाठ असतात आणि शिकणारा चुकला तरी गाणारे सांभाळून घेतात. दोघेच का, तर एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला तरी रविवारची पेटी बंद पडू नये.